रताळं शिजेपर्यंतची कविता

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे वगळून. ते हल्ली कुणाच्याच पाया पडत नाहीत, तुझ्याही नाही. राग मानू नये.) तुझा खोकला कसा आहे? भाऊजींचं शब्दकोडं रोज सुटतं का, की अजूनही शेवटचा शब्द ते स्वतःच बनवून घालतात? त्यांना नमस्कार सांग, आणि भाषा अशीच वाढते म्हणावं. तुझ्याकडे मुक्कामाला असलेल्या पेशंटचा नवा गुडघा काय म्हणतो? फाटकापर्यंत चालते म्हणे आता. मी फोनवर विचारलं तर "बरंय" एवढंच म्हणाली, आणि मागून तुमच्या हसण्याचा आवाज आला. कशावर हसत होता ते कळलं तर बरं होईल. (माझ्यावर असेल तर नाही कळलं तरी चालेल.)

तू म्हणशील, फोन हाताशी असताना पत्र कशाला. फोनवर मी दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच तू "मुद्द्यावर ये" म्हणतेस. पत्रात तुला तसं म्हणता येत नाही, आणि मुद्द्यावर यायला मी लहानपणापासूनच वेळ घेतो. तर मुद्दा तुझ्या अटीचा. ती तुझ्याच शब्दांत इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मागाहून तुला शब्द फिरवता येणार नाही. ऑपरेशन झाल्यावर तू भावजयीला तुझ्या घरी नेलंस, ते योग्यच केलंस. इस्पितळ तुमच्या रस्त्यावर, व्यायाम करून घेणारी बाई घरी येणारी. पण तिला परत पाठवायची वेळ आली आणि तू दारात आडवी आलीस. म्हणालीस, "ती घरी आली की ओट्याशी उभी राहणार, कारण तुला चहापलीकडे काही येत नाही. आधी शिक. पथ्याचं आणि पोटभर, असं जेवण स्वतःच्या हातानं कर, तुमच्या खालच्या सिस्टरबाईंना वाढ, त्यांनी ताट संपवलं की मला कळव. मग मी हिला गाडीत बसवते." पथ्याचं, कारण नव्या गुडघ्यावर जुनं वजन पडू द्यायचं नाही, आणि पोटभर, कारण अर्धपोटी राहिली की ती दुपारी बिस्किटांचा डबा काढते. (साक्षीदार मात्र तू बरोबर निवडलास. तळमजल्यावरच्या या निवृत्त नर्सबाई लाच घेत नाहीत. मी विचारून पाहिलं.)

आता रताळंच का, ते सांगतो. बाजारात मी भाजीवालीपुढे बराच वेळ नुसता उभा होतो. शेवटी तिलाच दया आली. म्हणाली, "बाबा, कधी काही शिजवलंय का?" मी खरं ते सांगितलं. तिनं माझी पिशवी घेतली, तीत रताळी भरली आणि म्हणाली, "हे घ्या. याला बिघडवायचं म्हणजे कष्ट पडतात." पिशवी घेऊन घरी येताना माझ्या मनात आलं, ताई, की आपल्या शाळेच्या पुस्तकात आंब्यावर कविता होती, कमळावर होती, नुसत्या गवताच्या पात्यावरसुद्धा होती, पण रताळ्यावर एक ओळ नव्हती. इतका गोड स्वभाव, महिनोन्महिने अंधारात राहून कमावलेला, आणि एकाही कवीला त्याची आठवण झाली नाही. (कवी लोक जेवत काय होते कोण जाणे.) ओट्यावर रताळी ओतली तर एक नेमकं आपल्या ड्रॉइंगच्या मास्तरांसारखं दिसलं, मध्ये पोट आणि दोन्हीकडे निमुळतं. त्याला मी शेवटपर्यंत कापलं नाही.

पहिल्या दिवशी साधं उकडायचं ठरवलं. किती वेळ, हा प्रश्न होता. मोबाइलवर घंटी लावता येते हे मला माहीत आहे, पण ती लावली की मोबाइल कुठे ठेवला ते आठवत नाही, आणि घंटी वाजली की घरात कोण आलं म्हणून मी दार उघडतो. तेव्हा मी माझं जुनं घड्याळ वापरायचं ठरवलं. आपल्याला आठवीला होती ना, ती वादळात सापडलेल्या नावेची लांबलचक कविता? कवितेच्या तासाला मास्तर टेबलावर हातानं ठेका धरायचे, सगळा वर्ग चालीवर म्हणायचा, आणि शेवटचं कडवं संपायला आणि घंटा व्हायला एकच गाठ पडायची. म्हणजे ती कविता अगदी एका तासिकेची. एक तासिका रताळ्याला जास्त होईल, म्हणून मी पहिली काही कडवी गाळून किनारा दिसेनासा होतो तिथून सुरुवात करायची आणि कविता संपली की गॅस बंद करायचा, असा नियम केला. नियम चांगला होता. चूक एवढीच झाली की शाळेत सगळा वर्ग मला पुढे ढकलत नेत असे, आणि इथे मी एकटा. म्हातारी आई किनाऱ्यावर कंदील घेऊन उभी आहे, या कडव्यापुढची ओळ मला म्हणवेना. मी खिडकीशी गेलो. समोरच्या गच्चीवर कुणी तरी चादरी वाळत घालत होतं, त्या शिडांसारख्या फुगत होत्या. तिथे मी किती वेळ उभा होतो सांगता येणार नाही, पण नाव किनाऱ्याला लागली तेव्हा पातेल्यात पाणी उरलं नव्हतं, आणि रताळी अशी विरघळली होती की साल कुठली आणि गर कुठला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी छोटी कविता निवडली, पावसाळ्यातल्या बेडकाची. तिच्या मापात रताळी बरी उकडली. सोलून, काप करून, ताटात गोल मांडून मी ती सिस्टरबाईंना खाली नेऊन दिली. त्यांनी खाल्ली, पाणी प्यायल्या, आणखी पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "पथ्याचं आहे, त्याबद्दल वाद नाही. इस्पितळात असंच देतात. पण आता मी जेवायला कधी बसू?" मला हे थोडं लागलं. मी म्हटलं, हेच जेवण होतं. तर म्हणाल्या, "कविराज, हे जेवणाची प्रस्तावना होती." (त्या मला कविराज म्हणतात. आधी मला तो मान वाटला होता.)

तेव्हा पोट भरण्याच्या बाजूला मी जरा जोर लावला. रताळी कुस्करली, त्यात लोण्याचा गोळा टाकला, मग साय, मग साखर, कारण गोडाला गोडाची सोबत हवी असं मला वाटलं, वर बदाम, आणि हे सगळं तव्यावर तुपात तांबूस होईपर्यंत परतलं. वास असा सुटला की वरच्या मजल्यावरचे लोक उगाच जिन्यात येऊन गेले. सिस्टरबाईंनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, जिंकलो. डोळे उघडून म्हणाल्या, "आयुष्यभर मी पेशंटांच्या ताटातून जे जे काढून घेतलं, ते सगळं तुम्ही एका वाडग्यात परत घातलंत." आणि वाडगा माझ्या हातात दिला. आणखी एक घास घेऊन, हे मी मुद्दाम नोंदवतो. उरलेलं मी जिन्यात उभ्यानंच संपवलं, कारण टाकून द्यायचं जिवावर आलं. संध्याकाळी जेवलो नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही भूक नव्हती. म्हणजे पोटभर या शब्दाचा अर्थ मला पक्का कळला होता, फक्त त्याचं पथ्याशी लग्न लागत नव्हतं.

त्यानंतर मधला एक दिवस वाया गेला, त्याला कारण मीच. रताळ्यावर कविता नाही तर आपणच एक करावी, असं डोक्यात आलं. काप मंद आचेवर झाकून ठेवले आणि टेबलाशी बसलो. तीन ओळी अशा सरसर आल्या:

मातीच्या उशीवर निजले रताळे,
वरती वेलाचे हिरवेच जाळे,
ना त्यास गंध, ना त्यास डौल,

चौथी ओळ येईना. डौलला यमक हवं. कौल आठवला, पण रताळं कौलावर चढवायचं कसं? मग कौलारू घर आठवलं, त्या घराच्या मागची विहीर, विहिरीवर तू मला शिकवलेलं पोहणं (म्हणजे ढकलून दिलं होतंस), आणि मी असा विहिरीत असताना दारावर थापा पडल्या. सिस्टरबाई बादली घेऊन उभ्या होत्या. स्वयंपाकघरात धूर एवढा की ओटा चाचपडून शोधावा लागला. बादली वापरावी लागली नाही, पण त्यांनी ती तशीच ओट्याखाली ठेवली आणि म्हणाल्या, "राहू दे इथेच. मला जिना चढायला त्रास होतो." तवा घासायला पुढची सगळी दुपार गेली. घासता घासता प्रथमच मनात आलं की असा तवा रोज कुणी तरी घासत होतं, आणि त्या वेळी मी बाहेरच्या खोलीतून तिला कविता ऐकवत होतो. तिनं "आवाज येत नाहीये, पाणी चालू आहे" म्हटलं की मी मोठ्यानं म्हणायचो.

असो. यानंतर मात्र मला वाट सापडली. मी पुन्हा नावेचीच कविता धरली, आणि कंदिलाच्या कडव्याशी आपण अडणार हे गृहीत धरून, खिडकीशी न जाता ओट्याशीच थांबायचं ठरवलं. थांबल्यावर हाताला काही उद्योग हवा. शेजारच्या कोनाड्यात तिच्या अर्धवट स्वेटरची विणायची सुई होती, ती मी रताळ्यात खुपसली. अर्ध्यात अडली. पुढचं कडवं म्हटलं, पुन्हा खुपसली, तर लोण्यातून जावी तशी आरपार गेली, आणि नाव अजून भर समुद्रात होती. मी गॅस बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक कविता अर्धवट सोडली, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. (सुईचं तिला सांगू नकोस. मी ती धुऊन, पुसून, होती तशीच स्वेटरच्या बाहीत खोचून ठेवली आहे. बाहीचे काही टाके सुटले असतील तर ते आधीच सुटले होते.)

तर ताई, आता नीट वाच, कारण हा पुरावा आहे. रताळी सालीसकट धुऊन उभी चिरली, कारण साल टाकली की अर्धं पथ्यच टाकल्यासारखं होतं, असं सिस्टरबाई म्हणतात. जाड बुडाच्या तव्यात एक चमचा तेल, त्यावर काप, मीठ, मिरपूड, झाकण, मंद आच, आणि मध्ये एकदा उलटायचे. दुसरीकडे कांदा आणि टोमॅटो परतून त्यात मसूर शिजवले, लसूण घातला, शेवटी मूठभर पालक चिरून टाकला. पोट भरण्याचं गुपित त्या मसुरात होतं. रताळं बिचारं इतके दिवस एकट्यानं किल्ला लढवत होतं, त्याला जोडीदार हवा होता. तोंडी लावायला घट्ट दही, वर लिंबू पिळलेलं. ताटात तांबडं, हिरवं, पांढरं असं काही रूप आलं होतं की मी जरा मागे सरून पाहिलं. आणि मग वाढलं. सिस्टरबाईंनी ताट पुढे ओढलं. काप संपले, मसूर संपले, दह्याची वाटी बोटानं पुसली गेली. मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे उद्या पण करणार आहात का?" ताट मी स्वतः उचललं. त्यात एका पालकाच्या देठाखेरीज काही नव्हतं, आणि देठ कुणीच खात नाही. तेव्हा अट पुरी झाली. गाडीचा वार तेवढा कळव, मी स्टेशनवर वेळेच्या आधी येऊन उभा राहीन.

भाऊजींना पुन्हा नमस्कार. खोकल्याला जप.

तुझा धाकटा भाऊ
(मास्तर अजून कापलेले नाहीत)

ता.क. सिस्टरबाई खोटं बोलत नाहीत, तुला फोनवर सांगतीलच, म्हणून मीच आधी सांगतो. त्या दिवशी रक्त तपासायचं म्हणून त्या सकाळपासून उपाशी होत्या. पण अट ताट संपवण्याची होती. भूक का लागली याची चौकशी करायची, असं काही तू म्हणाली नव्हतीस.

आणखी ता.क. मिठाचं मला अजून काही कळत नाही. त्यांनी वरून घेतलं. दोनदा.

आणखी एक, आणि खरं म्हणजे एवढंच लिहायला बसलो होतो, वरचं सगळं वाटेत आलं. ताई, ती अट तुझी होती की तिची? बोललीस तू, पण तू इतकं तोलून बोलत नाहीस. तिची असली तरी मला वाईट वाटणार नाही. इतकी वर्षं उभी होती ती, एखादी अट घालायचा तिला हक्क आहे. फक्त एकदा विचार, तिला यायचं आहे ना. सहज, भाजी निवडता निवडता विचार. मी विचारलंय असं नको.

शेवटचं ता.क. हे पत्र तू तिला मोठ्यानं वाचून दाखवते आहेस, हे मला इथून दिसतंय. तेव्हा आता थेट तिलाच लिहितो. अगं, ये. बाहेरच्या खोलीतली माझी हातांची खुर्ची मी स्वयंपाकघरात आणून ठेवली आहे. तीत बसायचं, मीठ किती ते सांगायचं, आणि मी काहीही जाळलं तरी उठायचं नाही.