आकांक्षाच्या लग्नाची भिंत आणि माझी कॉफी

नांदगाव खंडेश्वर, शुक्रवार

दोस्त कुर्बानभाई पेंटर, जुने शहर, अकोला, यांसी पंजाबराव पेंटरचा रामराम, अन् घरच्या सगळ्यांले सलाम.

तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे खुशाल. कौशल्या मले रोज रागावते, म्हणजे तीही ठणठणीत. फोनच करणार होतो, पण फोनवर तू आभार मानू देत नाईस, मधातच ठेवून देतोस. पत्र मधात तोडता येत नाई. एकाच उस्तादाच्या हाताखाली आपण दोघं अक्षरं लिहायले शिकलो, तं एवढं तुले ऐकावंच लागेल.

तू आला तेव्हा मी तुले अर्धीच हकीकत सांगतली होती, बाकीची लाजेनं गिळली. ती आता सांगतो. दिवाळीत आकांक्षा बंगळुरूहून आली, ते बापासाठी कॉफीची पूड अन् स्टीलचा एक दुमजली डबा घेऊन. वरच्या मजल्यात पूड टाकायची, उकळतं पाणी ओतायचं, खालच्या मजल्यात काळा अर्क उतरते. दोन चमचे अर्क अन् बाकी दूध, असं पोरीनं बजावून सांगतलं होतं. ती गेल्यावर मी म्हटलं, परमुलखात राहून पोट्टी कंजूष झाली, आपल्या घरी काय कमी आहे? मग अर्धा ग्लास अर्क, नावापुरतं दूध, अन् साखर आपल्या वऱ्हाडी हातानं. दिवसातून पाच वेळा! (पोरीनं एवढ्या दुरून आणलं, त्याले नाई कसं म्हणावं, तूच सांग.) पहिल्या आठवड्यात तं मी पंचवीस वर्षांचा झालो. गोठा झाडला, माळा आवरला, कौशल्याले तिच्याच माहेरच्या गोष्टी सांगत बसलो. दुसऱ्या आठवड्यात छातीत मोटरपंप सुरू झाला अन् झोप उडाली. तिसऱ्या आठवड्यात हात थरथरायले लागला.

अन् हात कोणता, तं उजवा! या तालुक्यात कोणाच्याही घरी लग्न निघालं की दाराजवळच्या भिंतीवर गणपती काढून "अमका संग अमकी" लिहायले पंजाबरावच लागते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींची नावं लिहिली. स्वतःच्या पोरीची पाळी आली, अन् पहिलीच रेघ नागमोडी निघाली. अमोल म्हणे, "बाबा, फ्लेक्स लावू, त्यात फोटोही येते." पोराचं काही चुकलं नाई, पण बाप्पा, मी न्हाणीत जाऊन रडलो.

मग शहरात जाऊन राजापेठेत डॉक्टर गाठला. रक्त तपासायचं म्हणून त्यानं उपाशीपोटी बोलावलं, पाण्याशिवाय काही घेऊ नका म्हणे. गेलो. हात समोर धरा म्हणे, धरला. जरासाही हलला नाई! रिपोर्टही साफ. त्या खुशीत घरी येऊन दोन ग्लास कॉफी पिलो, अन् संध्याकाळी हात पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेले माझी खात्रीच पटली की हा हात डॉक्टरले भिऊन राहिला. मी हात जोडून म्हटलं, साहेब, फी घ्या, पण दोन घंटे माझ्या भिंतीजवळ खुर्ची टाकून बसा. त्यानं माझ्याकडं पाहिलं, अन् दुसऱ्या एका डॉक्टरचा पत्ता लिहून दिला (तो डोक्याचा निघाला). काय काय पिता, हेही त्यानं विचारलं होतं. मी छाती फुगवून सांगतलं, काहीच नाई साहेब, चहासुद्धा सोडला.

शेवटी तुले बोलावलं, की बाबा, माझ्या पोरीची भिंत तू रंगव. तू आला, पण ब्रशाले हात लावला नाई, नुसता ओसरीत बसला. सकाळी मी तुले चहा दिला. दहा वाजता मी दोन ग्लास चढवून तुले पुन्हा चहा दिला. तू म्हणे, "पंजाब, सकाळी तुझी बशी चूप होती, आता काहून वाजून राहिली? मधात काय पिला बे?" झालं! डॉक्टरले, बायकोले, पोराले जे सापडलं नाई, ते तुले एका कपबशीत सापडलं. तू डबा जप्त केला. दोन दिवस माझं डोकं असं ठणकलं की मी तुले काय काय बोललो ते विसरून जाय. तिसऱ्या दिवशी हात थांबला अन् चौथ्या दिवशी मी भिंतीसमोर उभा राहिलो, तू मागून रंगाचे डबे देत होता. "आकांक्षा" लिहिताना डोळे भरून आले, पण हात हलला नाई. कुर्बानभाई, हे उपकार मी कसे फेडू?

आता माझं असं जमलं आहे: न्याहारीनंतर एक कप, दोन चमचे अर्क, बाकी दूध. दुपारनंतर थेंब नाई. कौशल्या मात्र संध्याकाळी ग्लासभर पिऊन नऊ वाजता घोरते. तिच्या देहाले चालते, माझ्या नाई, आता भांडावं कोणाशी?

तुझा जन्माचा आभारी,
पंजाबराव

ता. क. अमोलनं फ्लेक्स छापून आणलाच. गोठ्यावर टाकला आहे, म्हशीले सावली झाली.

आणखी ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. हे तू वाचून नाई राहिलास, तुझी नात तुबा तुले वाचून दाखवत आहे, हे मले माहीत आहे. त्या दिवशी मी पिवळा मागितला, तू पांढरा दिला. दुसऱ्यांदा मागितला, तरी पांढराच. चार लोकांत मी काही बोललो नाई, जो दिला तो लावला. गणपतीचं पितांबर पांढरं झालं, अन् गाव म्हणते पंजाबरावनं नवी ष्टाईल काढली. तू ब्रश काहून धरला नाई, ते मले तेव्हा समजलं. घरी तू कोणाले सांगतलं नसशील, इतकी वर्षं ओळखतो तुले. जावयाचं घर तुझ्याच जुन्या शहरात आहे, लग्नाले दीड महिना आहे, अन् आकांक्षा म्हणते, "तिथल्या भिंतीवर माझं नाव कुर्बानचाचाच लिहितील." तुबा बेटा, तुझा आजा आता पत्र हिसकायले येईल. देऊ नको. सोमवारी मी पहिल्या गाडीनं येतो, त्याले तयार करून ठेव. डोळ्याच्या डॉक्टरकडं आमी दोघं सोबत जाऊ.