बारा नंबरची वही

पालम,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ती. सरजाआत्यास,
सुकेशनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मागच्या सोमवारच्या पत्रात मी लिहिलं होतं, की तुमच्या एकोणीसही वह्यांचे मी काढलेले फोटो आता दोन ठिकाणी आहेत, एक कॉम्प्युटरवर आणि एक पप्पूदादाने आणलेल्या, फोटो साठवायच्या पेटीत. त्यामुळे वह्या बंबात घालायला हरकत नाही. हे चुकीचं आहे. दोन ठिकाणी फक्त पहिल्या चार वह्या आहेत. बाकीच्या पंधरा एकाच ठिकाणी. चूक खोडून झाकायची नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची, हे शाळेत घालण्याआधी तुम्हीच मला घरी शिकवलंत, म्हणून आधी हेच लिहिते. कृपा करून एकही वही जाळू नका.

झालं ते असं. दिवाळीच्या सुट्टीत दादा पुण्याहून आला, त्याने ती पेटी वायफायच्या डबीला जोडली आणि आमच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता सगळे फोटो आपणहून पेटीत पाठवायचे. नमुन्याला चार वह्या त्याने माझ्यासमोर पाठवून दाखवल्या. आता विसरून जा म्हणाला. मी विसरले.

पेटी ज्या बोर्डावर आहे तिथे एकच जागा. आई साडेसहाला पेटीची पिन काढून टीव्हीची लावते, मालिका पाहते आणि साडेनऊला पेटीची पिन पुन्हा नीट लावून ठेवते. मी बघावं तेव्हा दिवा हिरवा. सातला मात्र पेटी बंद. पेटी सापडली नाही तर कॉम्प्युटरने ओरडायला नको का? तो ओरडला नाही. पेटीच्या नावाचं जे रिकामं फोल्डर त्याच्याच पोटात होतं, त्यात त्याने सगळं भरलं आणि काम पूर्ण झालं म्हणून कळवलं. म्हणजे एकाच कपाटातल्या वरच्या फळीवरून खालच्या फळीवर. काल त्याची जागा संपली तेव्हा मला हे कळलं.

आईला विचारलं तर ती म्हणते, ते डबडं दिवसरात्र डोळे मिचकावायलंय, तीन घंटे झोपलं तर काय बिघडलं. दादाला फोन केला तर तो म्हणतो, पिन काढतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दोघांचंही खरं आहे, म्हणून जास्त चीड येते. पण पेटी उघडून एकसुद्धा फोटो न बघता तुम्हाला निर्धास्त राहायला मी कळवलं. ती चूक माझी.

अठ्ठावीस वर्षांत तुमच्या हातावर जन्मलेल्या प्रत्येक बाळाची खरी तारीख त्या वह्यांखेरीज कुठे नाही. शाळेने तर निम्म्या गावाला एक जूनला जन्माला घातलंय.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि पत्राला चार दिवस लागतात, म्हणून शेजारच्या कडूबाईंना आत्ताच फोन करून निरोप दिला आहे. हळू सांगा, एवढं दोनदा बजावलं.

रागावलात तरी चालेल, पण माया पातळ करू नका.

तुमची,
सुकेशनी

*

बोरी,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. सुकेशनीस,
सरजाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. निरोप सोमवारीच मिळाला आणि तो मलाच काय, अख्ख्या गल्लीला मिळाला. कडूबाई कुडाच्या पलीकडून ओरडली, की शिस्टर, वह्या जाळू नका म्हणं, पालमची पोरगी रडायली. मला ऐकू येत नाही म्हणून ती तेच चार वेळा ओरडली. तेव्हापासून दारात रांग आहे. वह्यांत काय हाय, आमचं काय लिवलंय, असं बाया विचारतात. अठ्ठावीस वर्षं जे पोटात ठेवलं, त्याची कडूबाईने एका सकाळी दवंडी पिटली. तुझ्या हळू सांगण्याचा हा असा प्रताप.

आता माझं ऐक. तुझं आधीचं पत्र सात तारखेला आलं. एक तारखेला मला नांदेडला लेकाकडे जायचंय, तिथे दोन खोल्यांत माझ्या वह्या कोण ठेवणार? रद्दीत दिल्या तर कोणा बाईचं दुखणं भज्यांखाली जायचं. म्हणून ठरवलं होतं, रोज एक अंघोळ, एक वही. आठ तारखेला बारा नंबरची घातली, नऊला तीन नंबरची. बारा आधी, कारण तिच्यात टाचणी लावलेली दोन पानं होती. त्या घरच्या बाईला मी शब्द दिला होता. पाणी चांगलं कडक तापलं होतं. 

तीन नंबर तुझ्या पेटीत आहे असं तुझ्या पत्रावरून दिसतं. बारा नाही. तुझ्या कॉम्प्युटरवर असेल ती लगेच काढून घे.

आणि एक. पार्वतीबाई आज येऊन गेली. तिच्या माधवीला आणि धाकट्या बन्सीधरला गुरुजींनी एकाच दिवशी शाळेत घातलं, दोघांना एकच जन्मतारीख लावली. कागदावर दोघं जुळी झाली. आता माधवीला परदेशी नोकरी लागायलीय, तर तिथले लोक, भाऊ धाकटा मग तारीख एकच कशी, अशी कागद बघून शंका काढतात. तिला खरी तारीख लिहून पाहिजे. माधवी बारा नंबरमध्ये आहे. मी पार्वतीबाईला म्हटलं, वही पालमला आहे, दहा दिवसांनी ये. वह्यांच्या बाबतीत मी कोणाशी खोटं बोलले ती ही पहिलीच वेळ.

माझं म्हणणं असं. मला सगळं आठवतं. ज्वारी खळ्यावर होती, पार्वतीबाईच्या सासूने कंदील धरला होता. बसून एका दिवसात बारा नंबर पुन्हा लिहून काढते. जुनी कोरी वही आहे, शाईचं पेनही आहे. कोणाला काय कळतं?

भावाला आणि वहिनीला जयभीम. तिला म्हणावं, दुसरा बोर्ड बसवून घे. तुझ्या खुशालीच्या दोन ओळींवाचून मला करमत नाही, तेवढ्या धाडत जा.

तुझी,
सरजाआत्या

*

पालम,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आज आलं. ते येण्याआधीच शनिवारी मी टीव्हीची पिन स्वतः काढली, आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि एकेक वही हाताने पेटीत पाठवायला बसले. पाठवली की पेटीतून उघडून पहिलं, मधलं आणि शेवटचं पान वाचायचं, मगच पुढची. पाच ते आठ नीट गेल्या. नववीला कॉम्प्युटरमधून टकटक आवाज आला आणि तो थांबला. दादा म्हणाला, आता त्याला हातही लावू नको, डिस्क गेली असणार. त्याने ती पुण्याला मागवली आहे. एका दुरुस्तीवाल्याकडे देणार. फोटो परत मिळतील का विचारलं तर त्याने शंभरात साठ असा आकडा सांगितला. मी तो आकडा मनात धरलेला नाही, तुम्हीही धरू नका.

म्हणजे आज असं आहे. एक ते आठ पेटीत आहेत, मी डोळ्यांनी पाहिल्यात. नऊपासून पुढच्या वह्या तुमच्याकडे कागदावर आहेत. बारा कुठेच नाही.

तुमचं म्हणणं मी तीनदा वाचलं. आत्या, खूप राग आला. तुमच्यावर कमी, कारण निर्धास्त राहा हे माझंच अक्षर होतं. पण कोऱ्या जुन्या वहीत शाईच्या पेनने लिहायचं आणि तीच बारा नंबर म्हणून दाखवायची, हे तुम्ही मला सुचवता? तुम्हाला कंदील आठवतो, सासू आठवते, खळं आठवतं. तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. मी शोधली. आठवत असती तर पहिल्यांदा तीच लिहिली असतीत.

पार्वतीबाईंच्या मुलीचं काम आपल्या कागदावर अडलं आहे. खोटी तारीख दिली आणि उद्या शाळेच्या तारखेसारखी तीही पकडली गेली, तर माधवी दोनदा खोटी ठरेल, आणि वहीत नाव तिचं नव्हे, तुमचं असेल. वह्यांवर आजवर कोणी शंका घेतली नाही ती तुमच्या खाडाखोडीमुळे. पानोपानी तुमच्या चुका दिसतात, म्हणून बाकीचं खरं वाटतं.

आठवणीतून लिहायचं असेल तर जरूर लिहा. मी शेजारी बसून लिहून घेईन. पण नवीन वहीत, वर आजचा महिना घालून, आणि पहिल्या पानावर असं लिहून, की मूळ वही आठ नोव्हेंबरला जळाली, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या हाताने. दोन्ही नावं. त्यात खळं लिहू, सासू लिहू. ज्वारी त्या वर्षी कधी काढली हे पार्वतीबाईंना आपल्यापेक्षा जास्त माहीत असेल. तारीख जिथे येत नाही तिथे रेघ.

टाचणीची पानं मी उघडली नव्हती, फोटोही काढला नव्हता. त्या बाईंना तुम्ही दिलेला शब्द पाळला गेला, एवढं एक बरं झालं.

नऊपासूनच्या वह्या पिशवीत भरून ठेवा, बंबात लाकडं घाला. पेटी आणि दादाचा जुना लॅपटॉप मी घेऊन येते. आई म्हणते, तीही येणार. तुमच्याकडे टीव्ही नाही म्हणून मी हो म्हटलं.

मी तोंडाने फटकळ झाले असेन, तरी तुमच्याच हाताखालची आहे, हे मनात असू द्या.

तुमची,
सुकेशनी

ता. क. पार्वतीबाईंना दहा दिवस सांगितलेत, ते होत आलेत. त्यांनी पुन्हा तुमच्या दारात यायच्या आधी आपणच त्यांच्याकडे जाऊ. मी तुमच्याकडे चहालाही थांबणार नाही, तुम्ही चप्पल घालून फाट्यावर उभ्या राहा. वही जळाली हे तुम्ही सांगा, का जळाली ते मी सांगते. रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी सहाच्या गाडीने निघते.