तिसऱ्या तारेची खरखर

आप्पा,

मी कंपनीत जावं ही तुमची इच्छा परवा पूर्ण झाली. मी चाकणच्या एका कंपनीच्या गेटातून आत गेलो, गळ्यात पास, पायात सेफ्टी शूज. कामगारांच्या कुटुंबांसाठी गाण्यांचा कार्यक्रम होता आणि मी गायकाच्या मागे गिटार वाजवायला. स्टेज कँटीनच्या हॉलमध्ये, तरी सिक्युरिटीवाला अडून बसला, "शूजशिवाय आत सोडत नाही, राव." मिळाले ते एक नंबर मोठे. पायाने ठेका धरला की बूट जरा उशिरा खाली यायचा. घरी आईला सांगितलं तर ती हसून हसून बेजार. म्हणाली, "ह्यांनी बघायला पाहिजे होतं."

तुम्ही आकुर्डीला कंपनीत इन्स्पेक्शनमध्ये, माल तपासून पास-नापास करायला होतात, पण तुमची ड्युटी घरीही संपायची नाही. कांदा फिरवून बघायचात, आईच्या चपातीचा काठ जाड निघाला की परत पाठवायचात. देहूरोडहून बदली झालेल्या एका फौजीकडून माझ्यासाठी जुनी गिटार आणलीत तुम्हीच, आणि दुसऱ्या दिवशी तिला लाल रिजेक्ट टॅग बांधलात तेही तुम्हीच. का, तर तिसरी तार किंचित खरखरते. गिटारच्या टोकाला एक पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा जातात. "खाचेला धार राहिलीय, ती काढली की झालं," म्हणत तुम्ही कानस घेतलीत. मी घरी नव्हतो, नाहीतर हात धरला असता. खाच खोल गेली, तार आणखी खाली बसली आणि किंचित खरखर कायमची झाली. मी तोंडाला येईल ते बोललो. "तुमच्या कंपनीत असला पीस पास झाला असता का?" तुम्ही कानस पुसून ठेवलीत. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

पुढे पहिल्यांदा सिनेमाच्या गाण्यासाठी बोलावणं आलं. लोकांनी चांगली गिटार देऊ केली, पण मी हट्टाने आपलीच नेली. रेकॉर्डिंगवाला दोनदा ऐकून म्हणाला, "भावा, तिसऱ्या तारेत बेडूक बसलाय का?" त्यांनी दुसऱ्याकडून वाजवून घेतलं. घरी आलो तर आईने शिरा केलेला, तुम्ही दारात उभे. "वाजवलंस का?" म्हटलं, वाजवलं. नाही म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं, आणि ते कारण तुमच्या कानशीपाशी येऊन थांबत होतं.

झालं! गाणं आलं आणि तुम्ही त्यातला गिटारचा तुकडा रिंगटोन केलात. अख्ख्या शिफ्टला ऐकवलात. चहावाल्याने तर ऐकून ऐकून हात जोडले. एकदा नाश्त्याला बसलो असताना तुमचा फोन वाजला. तुम्ही उचलला नाहीत, मान तिरपी करून ऐकत राहिलात.

"ह्यात खरखर न्हाई रं."

"स्टुडिओत मशीननं काढतात," मी पोह्यांकडे बघत म्हणालो.

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत, अगदी कांद्याकडे बघायचात तसं. मग म्हणालात, "बरं. पास." आणि फोन उचललात.

मी सुटलो असंच समजत होतो. तुम्हाला जाऊनही आता वर्षं झाली. गेल्या आठवड्यात पेचकस शोधायला तुमची पेटी उघडली. तळाशी फडक्यात एक पितळी पट्टी, हाताने घासलेली, सहा खाचा मोजून मापून. तिला हिरवा ओके टॅग, तुमची सही, आणि तारीख त्या नाश्त्यानंतरच्या रविवारची. म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं. मी तेव्हा सदा दौऱ्यावर, गिटार माझ्याबरोबर, आणि तुम्ही ती मागून घेणाऱ्यातले नव्हेत. मी फरशीवर बसून ढसाढसा रडलो. आई धावत आली, तिला वाटलं पेचकस लागला.

पट्टी बसवली. चाकणला तीच गिटार घेऊन वाजवलं.

हे पत्र आता गिटारच्या केसमध्ये टॅगशेजारी ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवू? ते गाणं मी वाजवलेलं नव्हतं, आप्पा. आणि रागावणार नसाल तर आणखी एक. तुमची नवी पट्टी लावूनही तिसरी तार खरखरतेच. मी पास केलीय.