पूजा झालेल्या यंत्राला पाय लावण्याबाबत

देऊळगाव राजा

ती. उत्तममामा,
सा. नमस्कार. घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तुम्ही भजनी मंडळाची ढोलकी सोडून डोणगावला गेलात.
२. मंडळाने मला ढोलकीऐवजी यंत्र आणायला सांगितलं.
३. मी यंत्र आणलं.
४. मंडळाने त्याची पूजा केली.
५. मी त्याला पाय लावला.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींना नमस्कार. इकडे तब्येती ठीक आहेत.

अन्नपूर्णाबाई सगळ्यांदेखत तुम्हाला "शेवटच्या कडव्याला ढोलकी पळवता" म्हणाल्या (मंडळाच्या प्रमुख असल्याने त्यांना काहीतरी म्हणावंच लागतं), आणि तुम्ही "मंग मशीन लावा, तिले राग नाही येत" म्हणून निघालात. मंडळाने ते शब्दशः घेतलं. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे आणि मी गिटार वाजवते, म्हणून खरेदी माझ्याकडे आली. मी एक स्वस्तातलं मल्टी-इफेक्ट्स युनिट निवडलं. ते गिटारचा आवाज बदलतं, शिवाय त्यात लूपर आहे (म्हणजे वाजवलेला तुकडा धरून ठेवून तो पुन्हा पुन्हा वाजवतं; गिटारच्या लाकडावर थाप देऊन ठेका भरला की भागेल, असा माझा अंदाज होता). मी आवाज तपासला, तुकडा किती लांब भरता येतो ते पाहिलं, वीज गेल्यावर बॅटरीवर चालवूनही पाहिलं. बटण पायाने दाबायचं असतं, कारण दोन्ही हात गिटारवर असतात. यात तपासण्यासारखं काही वाटलं नाही.

नवं वाद्य म्हणून अन्नपूर्णाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, नारळ फोडला (पाणी आत जाऊ नये म्हणून मी मध्ये ताट धरलं). मग मी बटणावर पाय ठेवला.

"काऊन वो सुचिता, पूजेच्या वस्तूले पाय लावून राह्यली?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

ते पायानेच चालतं, हे माझं उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. बराच खल होऊन असं ठरलं की पाय लावावा, पण लगेच नमस्कार करावा. मी तसं केलं. नमस्काराला हात गिटारवरून सुटले, तेवढी शांतताही तुकड्यात भरली गेली, आणि ठेका दर फेरीला तिथे थांबू लागला. थोड्या वेळाने बायका गाणं थांबवून त्या जागी हात जोडू लागल्या. सत्यभामाबाईंच्या मते इतकं भक्तीचं भजन आजवर झालं नव्हतं.

दत्तजयंतीला बीबी गावात कार्यक्रम आहे. ठेका नसेल तर मंडळ जाणार नाही. दुकानदार यंत्र बदलून द्यायला तयार आहे. एक यंत्र टेबलावर ठेवून हाताने चालतं, पण मला तिसरा हात नाही. दुसऱ्याला वेगळं बटण जोडून ते सतरंजीखाली ठेवता येईल, पण अन्नपूर्णाबाई म्हणतात, देवाला सतरंजीखालचं दिसतं. तिसरा पर्याय डोणगावला आहे. त्याला वीज लागत नाही, पाय लावावा लागत नाही. त्याला राग येतो, आणि शेवटच्या कडव्याला तो पळतो. (परवा शेवटच्या कडव्याला अन्नपूर्णाबाई यंत्राकडे वाकून हळूच म्हणाल्या, "पय ना जरासं." ते पळालं नाही.)

तुमची भाची,
सुचिता

ता. क. हे पत्र कोणतं यंत्र घ्यावं ते विचारण्यासाठी आहे, असं मी आईला सांगितलं आहे.

आणखी ता. क. तुमची बहीण अभंगाची पहिली ओळ म्हणते आणि थांबते. तिथे तुमची थाप यायची. ती थाप मी यंत्रात भरून पाहिली. आई पुढे गात नाही. ती तुम्हाला स्वतःहून सांगणार नाही. बीबीला याल का, ते गुरुवारपर्यंत कळवा.