पुलाच्या दोन चौक्या

आबा, तुमची नात, माझी लेक, शांतिसेनेत जाणार की नाही याचं उत्तर तिला सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि ते काय असावं हे मी तिच्याआधी ठरवून टाकलं होतं. तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा ती शाळेत होती. आता ती फौजेत डॉक्टर आहे, तुम्ही उठून सलाम केला असतात अशा हुद्द्यावर. तिला चार वर्षांची मुलगी आहे. जावई मालवाहू जहाजावर असतो, अर्धं वर्ष घरी नसतोच. म्हणजे ती आफ्रिकेत गेली, तर पोरगी लोणखेड्याला माझ्याजवळ राहणार हे उघडच होतं. त्याला मी केव्हाच हो म्हटलं होतं. पण सुट्टीवर आली ती पडलेला चेहरा घेऊन. तीन-चार देशांच्या फौजांचा एकत्र सराव आटोपून ती आली होती. त्यात एका जवानाला रंग फासून जखमी बनवलं होतं. त्याला आमच्या आणि घानाच्या तुकडीने मिळून एकाच तंबूत उपचार देऊन हेलिकॉप्टरमध्ये चढवायचं होतं. ते इतकं रेंगाळलं की परीक्षकांनी तो जवान दगावला असं जाहीर केलं. तो बिचारा नंतर उठून चहा प्यायला गेला म्हणे, पण हिच्या मनातून तो उठला नाही.

"मम्मी, मी नाही म्हणून कळवते," ती तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. "मी ओरडतेय उचला, उचला, आणि ती घानाची मेजरबाई नुसती उभी. पुतळा!"

"का उभी होती?"

"मला काय माहीत?"

"विचारलंस का?"

"डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरतंय आणि मी विचारत बसू, ताई, तुम्ही का उभ्या आहात म्हणून?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. "हसू नकोस. तिथं खरा माणूस असेल, आणि तो माझ्या हातून जाईल. त्यापेक्षा इथं राहते, पोरीजवळ."

आबा, तेव्हा मला म्हसावदचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही वर्षभराने आफ्रिकेतल्या शांतिसेनेतून परत आलेले. मी कॉलेजात, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांच्या शिस्तीत वाढलेली, वर्तमानपत्रातली युद्धं वाचणारी. आई चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापते आहे आणि तुम्ही पाटावर बसून मिरचीचा ठेचा असा खाताय, की वर्षभर त्याचाच विचार केला असावा. मी विचारलं, "आबा, तुम्ही गोळी चालवी का?" तुम्ही म्हणालात, "नहीं." "मंग वरीसभर काय करं?" तुम्ही घास गिळून शांतपणे म्हणालात, "बठनू." म्हणजे नुसते बसलात. आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "बठाले आफ्रिका कसाले? आपला ओटा काय लहान व्हता?" आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो, आणि तुम्ही ताट पुढे सरकवलंत. तुमचा आवाज चढला नव्हता, पण आमचं हसू जागच्या जागी थांबलं. "हासू नका. कोनाजोडे बठनू, ते इचारा." कुणासोबत बसलो, ते विचारा म्हणे.

मग तुम्ही सांगितलंत, आणि मी ते तेव्हापासून शब्दन्शब्द जपलं आहे. नदीवर पूल होता. अलीकडे तुमची चौकी, पलीकडे झांबियाच्या फौजेची. दोघांचं शिरस्त्राण निळं, पण वायरलेस वेगळे, नियम वेगळे, साहेब वेगळे. तुम्ही पहिल्यांदा पूल ओलांडून गेलात ते संदेशांच्या वेळा ठरवायला. पलीकडच्या हवालदाराने तुम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि घरी कोण कोण आहे, गुरं किती, यंदा पाऊस कसा, हे विचारायला लागला. तुम्हाला तर आपल्याच गल्लीत आल्यासारखं वाटलं. म्हसावदला तरी काय वेगळं असतं? कुणी कितीही घाईच्या कामाने येवो, आधी पाण्याचा तांब्या, मग पाऊसपाणी, मग ढोरंवासरं, आणि चहाचा कप खाली ठेवल्यावर कुठे कामाचा विषय. तुमची मोडकी इंग्रजी, त्याची दुसऱ्याच वळणाची. त्या दिवशी वेळा ठरल्याच नाहीत म्हणालात. मग तुम्ही दर आठवड्याला जात राहिलात, कधी तो येत राहिला. त्याच्या बायकोला मुलगा झाला, तेव्हा तुम्ही चौकीत गुळाचा शिरा केलात. दोन्हीकडचे साहेबसुद्धा एकमेकांशी व्हॉलीबॉल खेळत आणि हरल्यावर भांडत.

आणि मग तो दिवस. पलीकडच्या गावांत मारहाण सुरू झाली आणि बायका, पोरं, म्हातारी माणसं पुलाकडे धावत आली. पलीकडच्या चौकीला हुकूम होता की लेखी परवानगीशिवाय पूल उघडायचा नाही. तुम्हालाही हुकूम होता की वरून कळल्याशिवाय कुणाला अलीकडे घ्यायचं नाही. वर विचारायचं म्हणजे उत्तर दोन देशांतून, दोन भाषांतून फिरून येणार. तुम्ही आपल्या साहेबांना वायरलेसवर सांगितलंत, आणि उत्तराची वाट न बघता पुलाच्या मध्यावर जाऊन उभे राहिलात. त्या हवालदाराने तुमच्याकडे पाहिलं. एवढी माणसं अलीकडे गेली तर त्यांना कुणी परत ढकलणार नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. तुम्ही मान हलवलीत. त्याने आडवा दांडा वर केला. दोन्ही साहेबांनी मागाहून आपापल्या वरिष्ठांपुढे ते निभावून नेलं, कारण तेही एकमेकांना ओळखत होते. "कागद मांगून उना," तुम्ही म्हणालात, "मानसं पहिले पार व्हयनात." परवानगी मागाहून आली, माणसं आधीच पार झाली होती. आईने तुमच्या ताटात गरम भाकरी वाढली.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. ती शेंगांची सालं गोळा करत ऐकत होती. म्हणाली, "आबांचं वेगळं होतं, मम्मी. त्यांना वेळ होता."

"तुला नव्हता? किती दिवस होतीस त्या सरावात?"

"दोन आठवडे."

"मग त्या बाईला मुलंबाळं काय आहेत?"

मी तिचा फोन उचलून तिच्या हातात दिला. "नंबर असेल ना? लाव. आणि कामाचं अवाक्षर काढू नकोस."

"मम्मी, ती मेजर आहे!"

"मग काय तिला घर नसतं?"

मी हट्टाला पेटले की तुमच्यासारखी होते, असं आई म्हणायची. लेकीने फोन लावला तो मला गप्प करायलाच. पण पलीकडून आवाज आला, मग चेहरा आला, आणि लेक आधी खुर्चीच्या टोकावर बसलेली, ती हळूहळू मागे टेकली. त्या बाईला जुळी मुलं आहेत आणि ती मुलं तिच्या आईजवळ असतात. त्या आजीबाईही पडद्यावर डोकावल्या. मीही डोकावले. सिस्टरांनी घासून शिकवलेली इंग्रजी किती वर्षांनी बाहेर काढली! त्यांनी विचारलं, नात खोडकर आहे का? मी म्हटलं, फार. त्या म्हणाल्या, माझ्याकडे दोन आहेत, मला सांगू नका. आम्ही दोघी हसत सुटलो आणि ह्या दोन फौजी अधिकारी आमच्याकडे बघत राहिल्या.

कामाचा विषय शेवटी त्या बाईनेच काढला. त्यांच्याकडे जखमीला वरिष्ठ डॉक्टरने हात लावून तपासल्याशिवाय कुणीच उचलत नाही. ती त्याच्यासाठी थांबली होती, आणि आमची मुलगी का ओरडते आहे हे तिला कळत नव्हतं. "तू एकदा विचारलं असतंस," ती म्हणाली, "मी त्या डॉक्टरला तंबूच्या दारातच उभं केलं असतं." लेक म्हणाली, "तूही सांगितलं असतंस." मग दोघी कागद घेऊन बसल्या, कोण कुठे उभं राहील ते आखायला. ती बाई त्याच मोहिमेवर जाणार आहे. फोन ठेवून लेक आत आली, झोपलेल्या पोरीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, "सांभाळशील ना गं हिला? खरं सांग. धावते ती फार."

"मी काय म्हातारी झाले का?" मी म्हटलं. तिने होकार कळवला.

आज सकाळी ती गेली. तुम्हाला सांगायचं ते एवढंच होतं, पण एक राहिलं. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ह्याच महिन्यात करायचं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मी तारीख रद्द करून आले. पोरीला मी कडेवर घेत नाही, मी बसते आणि ती मांडीवर येते. लेक परत येईपर्यंत मी निभावीन, मला खात्री आहे. तिला कळलं असतं तर ती गेली नसती, म्हणून घरात कुणालाच बोलले नाही. तुमचा कुठला पत्ता नाही, म्हणजे हे कुणाच्या हाती लागणार नाही, तेच बरं आहे, आबा. कुणाला तरी सांगायचं होतं.