निम्मी जपमाळ म्यूटवर

प्रिय सायमनदादा,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं माझ्या मनातही नव्हतं. लिहिणं हा माझा धंदा नाही. माझा धंदा आवाजाचा. मंडप, माईक, स्पीकर. पण गेल्या गुरुवारी तुझ्या घरात मी जे ऐकलं, त्यानं फिरलेलं डोकं अजून जागेवर आलेलं नाही. रविवारी मिस्सेची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या आवारात, चहाचा कप हातात धरून मी भांडलो. फादरांच्या समोर भांडलो! घरी आलो तर बायको म्हणाली, "आता गप बसा, बीपी वाढंल." गप बसवत नाही म्हणून हे पत्र.

आणि आधीच सांगून ठेवतो, यातला निम्मा राग तुझ्यावर आहे.

चर्चच्या आपल्या मलकापूरच्या समूहाची गुरुवारची जपमाळेची प्रार्थना तुझ्या घरी असायची. एकानं पुढचं म्हणायचं, बाकीच्यांनी मागचं. पुढचं माझ्याकडं आलं ते तुझ्यामुळंच. "जान्या, तू म्हण. तुझा आवाज घरचा हाय, भाडं लागत न्हाई." मग मी 'नमो मरिये, कृपापूर्णे' करत 'धन्य तुझ्या उदरीचे फळ' इथवर आलो रे आलो, की माझ्या तोंडातला 'येशू' बाहेर पडायच्या आत तुझं 'पवित्र मरिये' सुरू! आणि आवाज कसला? कोयनेच्या पॉवरहाऊसमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचा, मशीनवर मात करून बोलायची सवय असलेला. तुझ्यामागून सगळी खोली फरफटत यायची. दादा, इतक्या वर्षांत तुझ्या घरात मला एकदाही प्रभूचं नाव पुरतं घेता आलं नाही!

"अरे, एसटी फलाटाला लागू तर दे! आधीच काय उडी मारतोस?" मी म्हणायचो.

"जागा धराय लागती रं," तू म्हणायचास. "सर्गात लय गर्दी हाय."

आता धरलीस ना जागा? झालं समाधान?

तुझ्या शोकसभेचं सांगतो. माईक अर्थातच माझा. बोलायला उठले डिसिल्वा सर, आपले समूहप्रमुख. म्हणाले, "सायमनराव म्हणजे शांत आणि संयमी व्यक्तिमत्त्व. ते कधी कुणाच्या मध्ये बोलले नाहीत."

मध्ये बोलले नाहीत! याच सरांनी तुला भर जपमाळेत हातानं 'हळू, हळू' अशी खूण केलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. आणि तू तिकडं बघून आणखी जोरात सुटला होतास! मी ॲम्प्लिफायरजवळ उभा होतो, माईक बंद करायचं बटण माझ्या हाताखाली होतं. तुझ्या फोटोकडं बघून हात आवरला. माणूस गेला की त्याला लगेच इस्त्री करून ठेवायची ही कसली रीत? त्या दिवशी ज्याच्यासाठी सगळे रडले, तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

सर तसे वाईट नाहीत. खोटं कशाला बोलू? बुधवारच्या नोव्हेनेच्या प्रार्थनेला पहिले हजर तेच. शनिवारी वेदीवर फुलं लागतात ती त्यांच्या बागेतली. जन्मभर विमा विकलेला माणूस, त्यामुळं दुसऱ्याच्या सोयीचं आपणच ठरवून टाकायची सवय.

तर तुझ्यामागं एका रविवारी, चहाच्या टेबलाशी, सरांनी ठरवलं. "कारखाने सुरू झालेत. रस्त्यानं नुसत्या उसाच्या ट्रॉल्या. विद्यानगर, ओगलेवाडीहून लोकांनी अंधारात यायचं म्हणजे जोखीम. आपण जपमाळ मोबाईलवर, व्हिडिओ कॉलनं घेऊ. आणि मार्थाबाईंना तरी या वयात त्रास कशाला? सतरंज्या घाला, चहा करा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी वायरी गुंडाळत ऐकत होतो. वाटलं, ठीक आहे, सीझनपुरतं असेल. आणि तुझी मार्था कुठं होती? आत चर्चमध्ये, सिस्टरांबरोबर, मेणबत्त्यांच्या स्टँडवरचं मेण खरवडत. तिचा त्रास तिच्या पाठीमागं वाचवण्यात आला! तिला विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

ती मोबाईलवरची जपमाळ तू बघायला हवी होतीस. पुढचं सर म्हणणार. आणि मागचं? तेही सरच! बाकी सगळे म्यूटवर, म्हणजे आवाज बंद. कारण काय, तर सगळे एकदम बोलले की आवाज मागंपुढं होतात. "आपण आपापल्या ठिकाणी मनोभावे म्हणावे." स्वतःच हाक मारायची आणि स्वतःच ओ द्यायची! एका चौकटीत कुणी मेथी निवडतंय. एकीत नुसता छताचा पंखा फिरतोय. तिसरीत भक्तीनं डोळे मिटलेला माणूस, तो थोड्या वेळानं घोरतोय हे त्याच्या पोटावरून कळतं. आवाज बंद, नाहीतर तेवढं तरी ऐकू आलं असतं.

मी दुकानातून बघितलं, हसलो, आणि पुढच्या गुरुवारी कामात विसरलो.

मग गेल्या गुरुवारी मार्थावहिनीचा फोन. "भावजी, मोबाईल बिघडलाय बगा. माजा आवाज जात न्हाई वाटतं. कुणी मला ओ म्हणूनच देत न्हाई."

मी गेलो. आणि दादा, तुझ्या उंबऱ्यातच थांबलो.

सतरंजी अंथरलेली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, नेहमीसारखी. मरियेपुढं मेणबत्ती. ट्रेमध्ये कप पालथे घालून तयार. आणि एवढ्या मोठ्या सतरंजीच्या एका टोकाला वहिनी एकटी, डोक्यावर पदर, समोर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल. त्यातून सर म्हणत होते आणि वहिनी खड्या आवाजात मागचं म्हणत होती. "पवित्र मरिये, देवाचे माते..." मोबाईलवर माईकचं चित्र, त्यावर तांबडी रेघ.

"वहिनी, मोबाईल चांगलाय. तुमचा आवाज बंद ठेवलाय."

"कुणी?"

"सरांनी. सगळ्यांचाच बंद असतो."

"मग चालू करा की. तुमचा धंदाच हाय त्यो."

केला चालू. वहिनीनं पदर सारखा केला, घसा साफ केला, 'पवित्र मरिये' म्हणाली, आणि नेमकी आत कुकरनं शिट्टी मारली. लगेच सर, "मार्थाबाई, तुमच्याकडून कुकर ऐकू येतोय. कृपया म्यूट राहावे." आणि तांबडी रेघ परत जागेवर.

कुकरमध्ये हरभरे होते, दादा. गुरुवारच्या घुगऱ्या. कुणासाठी शिजवल्या, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

वहिनी मोबाईलकडं बघत म्हणाली, "म्हंजी एवढं दिस मी म्हणत हुते, ते कुणाकडंच जात नव्हतं व्हय?"

"मरियेकडं जातं की, वहिनी."

"तिच्याकडं जातंयच. तिला कुठं मोबाईल लागतोय? मी माणसांचं इचारतीया."

मी मोबाईल बंद केला. म्हटलं, चला, आपण दोघं म्हणू.

मी पुढचं सुरू केलं. 'धन्य तुझ्या उदरीचे फळ येशू.' येशू! पुरता निघाला तोंडातून. पहिल्यांदाच. आणि त्याच्यापुढं काहीच नाही.

वहिनी गप्प. मी गप्प. दोघंही दाराजवळच्या तुझ्या जागेकडं बघत होतो.

माझे कान तयार आहेत, तुला ठाऊक आहे. हॉलमध्ये पाय ठेवला की आवाज कुठं घुमणार ते मी सांगतो. पण तुझी ती बाहेरची खोली एवढी मोठी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग वहिनीनं 'पवित्र मरिये' उचललं, कसंबसं पुरं केलं, आणि माळ मांडीवर ठेवून म्हणाली, "ह्यास्नी ही मधली गप्प सोसायची न्हाई. कोयनेला क्वार्टरमदी हुतो तवा भुई हलायची ना सारखी. हलायच्या आदी असंच व्हायाचं, म्हणायचे. कुत्री गप्प, पाखरं गप्प. तवापासनं धसका घेतला ह्यांनी. घरात कुणी बोलायचं थांबलं की हे कायतरी बोलणारच. जपातबी तेच. आन् आता बगा, सकाळधरनं रातीपत्तुर नुस्ती गप्पच."

हे मला का नाही बोललास रे? मी तुला एसटीवरून चिडवतोय, तू सर्गातल्या गर्दीचा विनोद करून वेळ मारून नेतोयस, आणि सगळी खोली हसतेय! एकदा तरी म्हणायचंस, 'जान्या, मला भ्या वाटतंय.' कमीपणा आला असता का? एवढ्या मोठ्या आवाजात एवढं लहान वाक्य बसलं नाही तुझ्या?

तर रविवारी चहाच्या टेबलाशी मी सरांना गाठलं.

"सर, जपमाळेत निम्मं बोलणं लोकांचं असतंय. ते तुम्ही बंद का केलंत?"

"जॉनराव, तांत्रिक अडचण आहे. आवाज एकमेकांवर चढतात. तुम्हाला तर हे कळायला हवं."

"चढू द्या की! सायमनदादा जन्मभर माझ्या आवाजावर चढला. मरियेकडून काही तक्रार आली का?"

लोक हसले. सर तांबडे झाले. म्हणाले, "ठीक आहे. मग सांगा, त्यांच्या घरी जाऊन बसणार कोण? कोण येणार, हात वर करा."

आणि दादा, सगळं आवार गप्प झालं. तुझ्या खोलीसारखंच. जो तो आपल्या कपातल्या चहाकडं बघायला लागला. एवढ्या माणसांत एक हात वर नाही! तिथं माझा तोल गेला.

"मघाशी मिस्सेत एकमेकांकडं वळून 'ख्रिस्ताची शांती' म्हणालात ना? मार्थावहिनीला म्हणालात ना, अगदी वाकून? ती शांती तिच्या घरी भरपूर आहे! दिवसभर तीच आहे! आणखी नको तिला. तिला गोंगाट पाहिजे. मधे मधे बोलणारी माणसं पाहिजेत. त्या बाईनं हरभरे शिजवले, कप मांडले, आणि आपण तिला सांगितलं, बाई, तुझा कुकर ऐकू येतोय, गप्प राहा!"

फादर पुढं आले. तरुण आहेत, पण ऐकून घेतात. म्हणाले, "जॉन, मोबाईलवरची बंद नको करायला. कोयनानगरचे आजारी लोक त्यामुळं जोडले जातात. पण मला एक सांगा, मार्थाबाईंना कुणी विचारलं होतं का?"

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. नखांत मेण, हात पदराला पुसत. सगळे तिच्याकडं वळले. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सरांकडं.

"मला काय इचारताय? सतरंजी मी दर बेस्तरवारी घालतीया. यायचं का न्हाई ते तुमी ठरवा." आणि जाता जाता, "आन् सर, कुकर मी आदी उरकून घेईन."

बघ, तुझी बायको शोभली! सरांनी कप खाली ठेवला. येतो म्हणाले नाहीत, येणार नाही असंही म्हणाले नाहीत. फाटकापर्यंत गेले आणि परत वळून मला विचारलं, "जॉनराव, घुगऱ्या तिखट असतात का हो?" म्हटलं, "लय." आता याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव. तुला वरून जास्त दिसत असेल.

येत्या गुरुवारी कोण येईल, मला माहीत नाही. खोली भरेल, नाहीतर पुन्हा वहिनी आणि मी दोघंच असू. पण माझं ठरलंय. पुढचं आता वहिनी म्हणेल. मी दाराजवळ बसेन, तुझ्या जागेवर. ती 'उदरीचे फळ' पर्यंत येईल, आणि मी तिथंच उडी मारेन, एसटी फलाटाला लागायच्या आधी, माझ्या फुकटच्या आवाजात, जेवढ्या जोरानं येईल तेवढ्या. ती चिडेल. म्हणेल, "आवं भावजी, पुरं तर करू द्या!" म्हणू दे. तेवढीच दोन वाक्यं आणखी बोलली जातील त्या घरात.

शब्द देतो, दादा. मी जिवंत आहे तोवर तुझ्या घरात कुणालाही 'येशू' पुरता म्हणू देणार नाही.

माझ्यासाठी जागा धरून ठेव. दाराजवळची.

तुझ्यावर रागावलेला,
तुझाच जान्या