तू घट्ट भरलेला ट्रान्सफॉर्मर

प्रिय आई,

आज दुपारी ढोलकी वाजली. खरीखुरी, पोटातून घुमणारी. म्हणून लिहायला बसलोय. फोन लावला असता, पण तुझा फोन आता पप्पा उचलतात. त्यांना घरी येऊनच ऐकवणार आहे. तुला मात्र आजच सांगायचंय, कारण आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय!

मी हल्ली कच्छात आहे, पवनचक्क्यांच्या साइटवर. तू गेलीस तेव्हा वापीला होतो, त्याच्या आधी चाकणला. "पायाला भिंगरी बांधूनच जन्मला मेला," असं तू शेजारणींना सांगायचीस. इथे माझ्यापेक्षा जास्त फिरणारे पंखे आहेत, म्हणून टिकलो असेन. आजूबाजूला नुसतं मीठ. पालेगावला भातशेती करणाऱ्या तुझ्या आजोबांनी हे मीठ बघितलं असतं तर काय म्हणाले असते गं?

तुला मांजर्लीच्या मामाचा तो रेडिओ आठवतो? पुराचं पाणी उतरल्यावर मामा फेकायला निघाला होता आणि मी गोणीत भरून विठ्ठलवाडीला आणला. चाळीत सगळे हसले. पेटी फुगलेली, स्पीकरचा कागद गळून पडलेला, आत चिखल. पण काचेचे व्हॉल्व्ह धुतले, पुसले, आणि दोन्ही पेटले! मंद नारिंगी. तू हातातलं लाटणं खाली ठेवून बघत राहिलीस. "दिव्यावानी दिसतंय रं," म्हणालीस. त्याच दिवशी ठरवलं की यांचा ॲम्प्लिफायर बनवायचा. नववीत शाळा सोडलेल्या पोराने! पण तू हसली नाहीस.

फक्त त्यातला आवाजाचा ट्रान्सफॉर्मर गंजून गेला होता. व्हॉल्व्हमधून येणारा आवाज स्पीकरला झेपेल असा करून देतो, तोच. तो नसेल तर बाकी सगळं फुकट. तू उचलून उलटसुलट बघितलास आणि म्हणालीस, "ह्यो मी करून देतंय."

का नाही करणार? अंबरनाथच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तुझं सगळं आयुष्य तार गुंडाळण्यात गेलं. तयार झालेल्या ट्रान्सफॉर्मरवर तू नुसता तळहात ठेवायचीस. थरथर लागली की पट्ट्या ढिल्या, माल बाजूला. मीटर नंतर लागायचं. तू तो गंजलेला उलगडलास, एकेक वेढा मोजत, आणि शेडमधल्या मशीनवर जेवणाच्या सुट्टीत तेवढेच वेढे नव्याने घातलेस. वरून पांढरी फीत आणि तुझी ती चपटी गाठ.

मी तेव्हा वापीला पोचलो होतो. फोनवर विचारलं, "आई, लोखंडाच्या पट्ट्यांच्या मधे एक कागद होता ना?"

"व्हता. फेकला."

"फेकला? अगं, तो मुद्दाम असतो!"

"कसला मुद्दाम? कंपनीवाल्यांनी फट ठेवली न् कागद घालून झाकली. मी पट्ट्या आलटून पालटून घट्ट भरल्यान. आता सुई जायची नाय."

"आई, या कामात ती फट लागते गं."

"मना नको शिकवू! फटीचा माल आमचा सुपरवायझर तोंडावर फेकतो."

मी हसलो. म्हटलं, घरी आल्यावर समोर बसून समजावतो. तू म्हणालीस, "ये तर खरा." आणि मग तुझ्या तापाचं निमित्त झालं. समोर बसायचं राहूनच गेलं.

इतकी कसली घाई होती गं तुला?

पप्पांनी तो ट्रान्सफॉर्मर फळीवर तुझ्या फोटोशेजारी ठेवला होता. रोज फोटो पुसतात तसा तोही पुसायचे. मागच्या सुट्टीत मी मागितला, तर त्यांनी तो आधी परत एकदा पुसला. मग म्हणाले, "तिने तुझ्यासाठी केला, तू ने. वाजव. पण उघडायचा नाही. तिची गाठ सोडायची नाही. सोडणार असशील तर इथेच राहू दे."

मी हो म्हटलं. आणि तिथेच अडकलो.

उल्हासनगरच्या लछूकाकांना तू ओळखतेस. जुन्या रेडिओंच्या ढिगाऱ्यात बसलेले असतात ते. त्यांच्या काउंटरवर सगळं तात्पुरतं जोडून बघितलं. आवाज आला! पण कसा? टाळ ऐकू येतात, बाई गाते ती नाकातून, आणि ढोलकी गायब. काकांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेतला.

"साईं, ये तो पावर ट्रान्सफॉर्मर जैसा भरा है. किसने भरा?"

"आईने."

"ताईने? फिर काम तो पक्का है. पर व्हॉल्व्ह का डीसी करंट इसी में से जाता है ना? गॅप नहीं तो लोहा उसी से भर जाता है. गाने को जगह कहाँ बची? पट्टी निकाल, एक साइड से भर, बीच में कागज डाल."

"उघडायचा नाही, काका."

"तो नया ले ले. आधे घंटे में बजेगा."

"नवा नको."

"उघडायचा नाय, नवा नको! मग काय, आरती करायची?"

खरं सांगू? त्या दिवशी तुझा राग आला. एक कागद, आई! एवढासा कागद ठेवला असतास तर! तुझ्या चांगल्या कामानेच माझं काम अडवलं होतं. रात्रीच्या गाडीने कच्छला आलो, सगळं सामान पलंगाखाली सरकवलं. फीत सोडून, काम करून, परत तशीच बांधता आली असती. पप्पांना कळलंही नसतं. पण तुझी ती चपटी गाठ मला येत नाही. कधीच आली नाही.

मग एके दिवशी काकांचाच फोन आला. आधी विचारलं, "उधर से सिंध दिखता है क्या?" म्हटलं, नाही काका, नुसतं मीठ दिसतं. "अच्छा," म्हणाले. मग म्हणाले, "सुन. ताई का ट्रान्सफॉर्मर मत खोल. डीसी को दूसरे रास्ते से भेज. बाजू में एक चोक लगा, डीसी उसमें से जाएगा. बीच में कंडेन्सर डाल, वो डीसी को रोकेगा, गाने को जाने देगा. ताई के पास खाली गाना पहुँचेगा."

"आणि घट्ट भरलंय त्याचं काय?"

"अरे, इस में तो टाइट ही चाहिए! जितना टाइट उतना अच्छा."

आई, ऐकतेस ना?

मग बाकीचे पार्ट मी तुझ्या ट्रान्सफॉर्मरकडे बघून निवडले. लोक आधी व्हॉल्व्ह ठरवतात, सर्किटचा नकाशा ठरवतात, त्याला जुळेल असा ट्रान्सफॉर्मर शोधतात. माझं उलटं. तो हलणार नाही, बाकीच्यांनी सरकून घ्यायचं. घरात तुझं असंच असायचं! व्हॉल्व्ह मामाचेच. कंडेन्सर काकांनी नवाच घ्यायला लावला, जुना गळका निघाला तर डीसी परत तुझ्या दारात. स्पीकरही नवा. चोकसाठी त्यांनी भंगारातला एक जुना ट्रान्सफॉर्मर पाठवला. त्याच्या पट्ट्या मी उपसल्या, सगळ्या एका बाजूने भरल्या आणि मधे कागद ठेवला. तुला आवडणार नाही असं फटीचं, ढिलं काम. पण ते माझ्या चोकमध्ये. तुझ्या ट्रान्सफॉर्मरला हात लावला नाही.

आज सुट्टी होती. सगळं प्लायवूडच्या फळीवर मांडलं आणि तुझ्या सवयीचं गाणं लावलं. पहिल्यांदा नुसती घरघर. मग व्हॉल्व्ह तापले. आणि ढोलकी आली, आई! शेजारच्या खोलीतला ओडिशाचा पोरगा दार उघडून बघायला आला, कोण वाजवतंय म्हणून.

तर भांडण असं मिटलं. फट लागते हे माझं बरोबर होतं. आणि घट्ट भरलंय तेच चांगलं, हे तुझं बरोबर होतं. पण जिंकलीस तूच. नेहमीसारखी.

वर्षश्राद्धाला येतोय. फळीवरचं हे सगळं तोवर लाकडी पेटीत बसवेन, आणि तुझा ट्रान्सफॉर्मर झाकणार नाही. वरच ठेवेन, फीत आणि गाठ दिसेल असा. पप्पांना शब्द दिला होता तो पाळलाय, आता तुलाही देतो. पुढे व्हॉल्व्ह जातील, कंडेन्सर जातील, मी ते बदलत राहीन. तुझी गाठ मात्र कोणी सोडणार नाही. आणि गाणं लागलं की आधी पप्पांचा तळहात त्याच्यावर ठेवीन.

मी आत्ताच ठेवून बघितला. थरथर नाही, आई. नुसता कोमट लागतो.

तुझा,
बारक्या